‘टूं’ वाजतं, पण बिलात येत नाही

दिवाळीच्या आधीचा शनिवार. सांगलीच्या गणपती पेठेतल्या आमच्या दुकानात उटणं, पणत्या, पोह्यांची पोती आणि रव्या-मैद्याचे पुडे यांमुळे पाय ठेवायला जागा नव्हती. काउंटरपुढची रांग पायरी उतरून रस्त्यावर गेली होती. काउंटरवरचा पोरगा साबणाची वडी स्कॅनरपुढे धरायचा, ‘टूं’ वाजायचं आणि पडद्यावर तीच चौकट उमटायची: कोड सापडला नाही. पुन्हा ‘टूं’, पुन्हा चौकट. मग तो कीबोर्ड ओढून नावानं वस्तू शोधायचा. ज्या यादीला दोन मिनिटं लागावीत तिला दहा लागत होती.

मामा, म्हणजे माझे सासरे, गल्ल्यावर होते. ते पोराला म्हणाले, “नीट धर की रे. हात का थरथरतोय तुझा?” पोरगा काही बोलला नाही, पण त्याचे कान लाल झालेले मला काट्यापासून दिसले. वीस-पंचवीस दिवस हेच चाललं होतं. यंत्र अडायचं आणि बोलणी पोराला बसायची. तो बारावीनंतर आमच्याकडे लागला, हिशेबाला चोख, एक रुपयाची गफलत नाही. मला ते फार लागलं. त्या रात्री शटर ओढल्यावर मी यांना सांगितलं, की हे का होतंय ते कळल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही.

आमच्याकडे कॉम्प्युटर आला तो २०१९ च्या पुरानंतर. कृष्णेचं पाणी दुकानात शिरलं, मालाच्या वह्या भिजून लगदा झाल्या, उधारीचा निम्मा हिशेब वाहून गेला, तेव्हा कुठे मामा तयार झाले. पहिलं सॉफ्टवेअर पाच-सहा वर्षं चाललं, मग त्याला सपोर्ट देणारा माणूस राहिला नाही. नवीन सॉफ्टवेअर आम्ही घटस्थापनेला सुरू केलं, २२ सप्टेंबर २०२५ ला. मुहूर्त चांगला होता, पण जीएसटीचे नवे दरही त्याच दिवसापासून लागू झाले. नवं सॉफ्टवेअर आणि नवे दर एकदम आल्यामुळे काय बिघडलंय ते वेगळं काढणंच अवघड झालं.

सपोर्टला फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, “मॅडम, स्कॅनर गेलाय तुमचा. नवीन घ्या.” मी घ्यायला निघालेही होते. समोरच्या मेडिकलवाल्या दादांनी अडवलं. त्यांच्याकडे दिवसभर गोळ्यांची पाकिटं स्कॅन होतात, त्यांना यातलं कळतं. म्हणाले, “थांबा ओ वहिनी. नवीन घ्यायच्या आधी नोटपॅड उघडा आणि त्यात स्कॅन करा. बिलिंग बंद ठेवून.”

त्यांनी पुढे जे सांगितलं ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर महिनाभराचा मनस्ताप वाचला असता. यूएसबीचा साधा स्कॅनर कॉम्प्युटरच्या लेखी कीबोर्डच असतो. आपण बोटानं आकडे दाबतो, तो उजेडानं रेघा वाचून तेच आकडे दाबल्यासारखे पाठवतो आणि शेवटी एंटर मारतो. आकडे बोटानं आले की स्कॅनरमधून, हे बिलिंगच्या सॉफ्टवेअरला कळतसुद्धा नाही. ‘टूं’चा अर्थ एवढाच, की रेघा वाचता आल्या. पुढे ते आकडे नीट पोचले का आणि यादीत मिळाले का, याच्याशी त्या आवाजाचा काही संबंध नाही. आम्ही सगळे ‘टूं’ वाजलं म्हणजे स्कॅनरचं काम झालं आणि वाजलं नाही म्हणजे पोराचा हात हलला, एवढ्याच हिशेबावर चाललो होतो.

रात्री साडेदहाला मी नोटपॅड उघडलं आणि तीच साबणाची वडी धरली. तेरा आकडे उमटले. मी ते वडीवरच्या आकड्यांशी एकेक करून ताडले. आठ, नऊ, शून्य, पुढचे सगळे, तेराच्या तेरा बरोबर. मला काही कळेना. आत्या, म्हणजे सासूबाई, चष्मा लावून शेजारी येऊन बसल्या. त्यांनी एकदा वडी पाहिली, एकदा पडदा पाहिला आणि म्हणाल्या, “अगं, वडीवर इंग्रजी आहेत. इथं मराठी आलेत.”

खरंच मराठी होते. वडीवरचा आठ म्हणजे एकावर एक दोन गोळे, आणि पडद्यावरचा आपला पाटीवर गिरवलेला ८. शून्य तर दोन्हीकडे सारखंच. आपली नजर दोन्ही आकड्यांना इतकी सरावलेली असते की वाचताना फरक जाणवतच नाही. ‘कोड सापडला नाही’ म्हणणाऱ्या त्या चौकटीतही आकडे मराठीच होते. महिनाभर ती चौकट दुकानातल्या प्रत्येकानं पाहिली आणि प्रत्येकाला आकडे बरोबरच वाटले. कॉम्प्युटरला मात्र मराठी आठ आणि इंग्रजी आठ ही दोन निराळी अक्षरं आहेत, ‘क’ आणि ‘ख’ जितकी निराळी तितकीच. यादीत कोड इंग्रजी आकड्यांत साठवलेले. मग सापडणार कसे?

असं का होत होतं, याचा माग मी त्याच रात्री काढला. पेठेत येणारी आमची जुनी गिऱ्हाइकं खेड्यापाड्यातली, त्यांना बिल मराठीत हवं असतं. म्हणून नवीन सॉफ्टवेअरमध्ये मालाची नावं मी मराठीत भरत होते, सकाळी गर्दी नसताना. काम झालं की टायपिंग तसंच मराठीवर राहायचं. कीबोर्ड मराठीवर असला की आकड्यांची ओळही मराठी आकडे देते, आणि स्कॅनर तर कीबोर्डच. त्यातून आणखी एक फास तयार झाला होता. एखादी वस्तू अडली की पोरगा नावानं शोधायचा. नावं मराठीत, म्हणजे टायपिंग मराठीवर न्यावं लागायचं, आणि मग पुढची प्रत्येक वस्तू अडायची. ती पुन्हा नावानं शोधायची. गर्दीच्या वेळी तो इंग्रजीवर परत येणार कधी?

रविवारी सकाळी पोरगा आल्या आल्या मी त्याला नोटपॅड दाखवलं आणि मामांच्या समोर सांगितलं, की टायपिंग मी मराठीवर सोडत होते, त्याच्या हाताचा यात काही दोष नाही. मामांनी ऐकून घेतलं. पोरगा म्हणाला, “वहिनी, मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय.” हे वाक्य मला अजून आठवतं.

तेवढ्यापुरता उपाय सोपा होता. विंडोजची कळ आणि स्पेस बार एकदम दाबले की भाषा बदलते आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात दिसते. पण दिवाळीच्या गर्दीत दर वेळी कोपऱ्यात बघायचं भान कुणाला राहणार? स्कॅनरबरोबर एक घडीची पुस्तिका आली होती, ती आम्ही खोक्यातच ठेवलेली. तिच्यात पानोपानी बारकोड छापलेत. त्यातला एखादा स्कॅन केला की स्कॅनरची तेवढी सवय बदलते. कीबोर्डच्या वरच्या ओळीऐवजी उजवीकडच्या आकड्यांच्या कीपॅडवरून आकडे आल्यासारखे पाठवायचे, असाही एक कोड त्यात निघाला. तो स्कॅन केला. आता टायपिंग मराठीवर असलं तरी आकडे इंग्रजीच येतात. फक्त नमलॉकचा दिवा लागलेला हवा, नाहीतर आकडे येतच नाहीत, कर्सरच इकडेतिकडे पळतो. ही पुस्तिका मी आता गल्ल्याच्या खणात ठेवते, काउंटरवर नाही. उघडी पडलेली असली आणि स्कॅनरचा उजेड चुकून भलत्याच कोडवर पडला, तर एंटर मारणं बंद होतं किंवा स्कॅन केलेलं सगळं स्कॅनर स्वतःजवळच साठवत बसतो.

मला वाटलं, सुटलो. पण सोमवारी दुपारपर्यंत लक्षात आलं, की अडणं कमी झालंय, संपलेलं नाही. आणि आता जे अडत होतं त्यात एक ढब दिसत होती. घटस्थापनेनंतर आलेला माल, जो मी स्वतः स्कॅन करून चढवला होता, तो झटकन बिलात यायचा. त्याआधीचा जुना माल अडायचा. काही वेळा तर त्याहून वाईट व्हायचं, मी यादीत तपासायला गेले की दंतमंजनाच्या कोडासमोर पावडरचं नाव.

नोटपॅडनं इथंही वाट दाखवली. नोटपॅडमधे आकडे बरोबर आणि इंग्रजीत, म्हणजे स्कॅनरपर्यंत सगळं ठीक. मग दोष यादीतच असणार. मी सॉफ्टवेअरमधली मालाची यादी उघडली आणि कोडाचा रकाना खाली खाली बघत गेले. एका कंपनीच्या साबणाचा कोड, पावडरचा कोड, पेस्टचा कोड, सगळे एकच. पहिले सहा आकडे खरे आणि पुढे सात शून्यं.

हे एक्सेलमधून माल आणताना झालं होतं. जुन्या सॉफ्टवेअरमधून यादी काढली, सेटिंग करून देणाऱ्यानं ती एक्सेलमध्ये उघडली, नावं सरळ केली आणि साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठवून नव्या सॉफ्टवेअरला दिली. तेरा आकड्यांची लांबलचक संख्या दिसली की एक्सेल ती आखडून दाखवतं: आठ पूर्णांक नव्वद-काहीतरी, पुढे ‘ई’ आणि अधिक बारा, म्हणजे ती संख्या गुणिले दहाचा बारावा घात. पडद्यावर आखडून दाखवलं तरी आत संख्या पूर्ण असते, पण तशीच साठवली की फाइलमध्ये आखडलेलंच जातं. शेवटचे आकडे कायमचे गेले. बारकोड ही मोजायची संख्या नाही, ते एक नाव आहे, आकड्यांत लिहिलेलं. म्हणून तो रकाना उघडण्याआधीच मजकूर म्हणून ठरवावा लागतो.

जुना कॉम्प्युटर माडीवर होता, सुदैवानं भंगारात दिला नव्हता. यांनी तो खाली आणला, यादी पुन्हा काढली आणि या वेळी कोडाचा रकाना मजकूर म्हणून ठरवूनच आत घेतला. अडीच हजारांच्या आसपास वस्तू होत्या. त्यातल्या बहुतेक एका रात्रीत जागेवर आल्या. काही बाहेरदेशी चॉकलेटं आणि ऑलिव्ह तेलाच्या बाटल्या तेवढ्या राहिल्या. त्यांचा कोड बारा आकडी होता आणि काहींचा पहिला आकडाच शून्य. मजकूर न ठरवता संख्या म्हणून घेतलं की सुरुवातीचं शून्य गळतं, हे जुन्या यादीतच कधीतरी झालेलं. त्या वस्तू हातानं स्कॅन करून दुरुस्त केल्या.

सगळं बरोबर आलं का हे बघायला आम्ही दोन रात्री फळी-फळीनं स्कॅन करत गेलो. पोरगा शिडीवर, मी कॉम्प्युटरशी, आत्या खुर्चीत बसून अडलेल्या वस्तूंचे आकडे मोठ्यानं वाचायच्या. जवळजवळ प्रत्येक कोड ‘आठशे नव्वद’नं सुरू होतो हे त्यांच्याच ध्यानात आलं. मी त्यांना सांगितलं, की ८९० हे जीएस१ इंडिया या बारकोडचे क्रमांक देणाऱ्या संस्थेचे आकडे आहेत. कंपनीनं आपला क्रमांक तिथून घेतला एवढंच त्यावरून कळतं, माल कुठे तयार झाला हे नाही. पहिल्यांदा दुकानात बारकोड स्कॅन झाला तो २६ जून १९७४ ला, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी, च्युइंगमच्या पाकिटावर. आत्या म्हणाल्या, “चौऱ्याहत्तर? आमचं लग्न त्या साली झालं.” मग थोड्या वेळानं, “तेव्हा हे दुकान पोत्यावर बसून चालायचं.”

शेवटच्या आकड्याची गंमत त्यांना सगळ्यात आवडली. तेरावा आकडा आधीच्या बारांवरून काढतात. आमच्या सुक्या मेव्याच्या काट्यातून जे स्टिकर निघतं त्याचंच उदाहरण घेतलं. कोड २१, मग ०००४२, मग ००३५०, शेवटी ७. दोननं सुरू होणारे असे कोड दुकानानं आपल्याआपल्यात वापरायचे असतात. आमच्या काट्यात बेदाण्याचा क्रमांक बेचाळीस आणि वजन साडेतीनशे ग्रॅम. आता डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे मिळवायचे: दोन, शून्य, शून्य, दोन, शून्य, पाच, झाले नऊ. मधले सहा मिळवायचे: एक, शून्य, चार, शून्य, तीन, शून्य, झाले आठ, त्याची तिप्पट चोवीस. नऊ आणि चोवीस तेहेतीस. पुढच्या दशकाला, चाळिसाला, कमी पडतात सात. तोच शेवटचा आकडा. एखादा आकडा चुकीचा वाचला गेला तर ही बेरीज जुळत नाही आणि स्कॅनर ‘टूं’ करतच नाही. आत्या सातवीपर्यंत शिकल्या, पण तोंडी हिशेबात त्यांचा हात कुणी धरणार नाही. दुसऱ्या रात्री त्या वाचता वाचताच शेवटचा आकडा आधी सांगून टाकायच्या आणि मग पुड्यावर बघायच्या.

या काट्याच्या स्टिकरचाही घोळ झाला होताच. नवं सॉफ्टवेअर तेराच्या तेरा आकडे हा एकच कोड समजत होतं, त्यामुळे बेदाण्याचं प्रत्येक वजन त्याला नवी वस्तू वाटायचं. काट्याच्या कोडची रचना सांगायची जागा सेटिंगमध्ये होती, रिकामीच. पहिले दोन आकडे २१, पुढचे पाच वस्तूचे, त्यापुढचे पाच ग्रॅममध्ये वजन, एवढं भरलं आणि चालू झालं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला आमच्याच हळदीनं. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरगावची माणसं नाव घेऊन मागतात. म्हणून आम्ही पाव किलोचे, अर्ध्या किलोचे पुडे करायला लागलो आणि त्यावर स्वतःचं बारकोडचं स्टिकर. हे पुडे फक्त आमच्याच दुकानात विकतो, त्यामुळे जीएस१चा क्रमांक लागत नाही, आपला कोड चालतो. पण या स्टिकरवर स्कॅनर मुकाच. ‘टूं’सुद्धा नाही. पाचवेळा धरा, सहाव्यांदा कधीतरी वाजणार.

म्हणजे इथं बिघाड आकड्यांच्या आधीचा, कागदावरचा. मी स्टिकर भिंगाखाली धरलं. रेघा एकसारख्या नव्हत्या. ज्या दोन सारख्याच बारीक हव्यात त्यातली एक दुप्पट जाड. कारण शोधताना छपाईचा हिशेब समजून घ्यावा लागला. आमचा स्टिकरचा प्रिंटर २०३ डीपीआयचा, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये आठ ठिपके. स्टिकर ३८ मिलिमीटर रुंद, म्हणजे आडवे तीनशे चार ठिपके. आमचा बारकोड कोड १२८ या पद्धतीचा. तिच्यात सगळ्यात बारीक रेघेच्या रुंदीएवढी जागा म्हणजे एक घर. प्रत्येक अक्षराला अशी अकरा घरं लागतात, सुरुवातीची, तपासणीची आणि शेवटची खूण मिळून आणखी पस्तीस, आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा घरं कोरी सोडावी लागतात. मी कोड ठेवला होता चौदा अक्षरांचा, इंग्रजीत हळद, सांगली आणि वजन, मध्ये डॅश. वाचायला छान दिसायचा. पण त्याची घरं झाली दोनशे नऊ. तीनशे चार ठिपक्यांत दोनशे नऊ घरं बसवायची म्हणजे एका घराला दीडाच्या आसपास ठिपके. दीड ठिपका छापता येत नाही. मग प्रिंटर कुठे एक छापतो, कुठे दोन, आणि रेघांचं माप बिघडतं. बारकोड म्हणजे तर जाड-बारीकचं मापच.

कोड सहा आकड्यांचा केला. नुसते आकडे असले की ही पद्धत दोन-दोन आकडे एका अक्षराच्या जागेत बसवते. घरं झाली अठ्ठ्याऐंशी. एका घराला पुरे तीन ठिपके दिले, दोनशे चौसष्ट ठिपके, ३३ मिलिमीटर, बाजूची कोरी जागा धरून. पहिलं स्टिकर निघालं आणि पोरानं ते हातभर अंतरावरून स्कॅन केलं. ‘टूं’. तो हसला. त्याला हसताना बरेच दिवसांनी पाहिलं.

तरी रोलमधली काही स्टिकरं वाचली जात नव्हती. नीट बघितलं तर त्या प्रत्येकावर रेघांना समांतर, एकाच जागी एक केसाएवढी पांढरी रेघ. छापणाऱ्या पट्टीच्या एका ठिपक्यावर हळदीचा कण बसला होता आणि तो प्रत्येक स्टिकरवरची तीच काळी रेघ खात होता. प्रिंटर हळद भरायच्या टेबलावर ठेवण्यात अर्थ नाही हे तेव्हा कळलं. आता तो आतल्या खोलीत असतो आणि रोल बदलताना आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानं पट्टी पुसतो. रिबनशिवाय, नुसत्या उष्णतेनं काळी होणारी स्टिकरं वापरायचंही सोडलं. दुपारचं ऊन आमच्या पुढच्या फळीवर येतं, आणि तेलकट हात लागले की त्या स्टिकरवरची छपाई फिकी पडत जाते. रिबनची छपाई टिकते.

भडंगाच्या पुड्यांचं कोडं मात्र पाच मिनिटांत सुटलं. एक ताई घरी भडंग करून देतात, पाकिटं छापून घेतलेली, देखणी, पांढऱ्यावर लाल. बारकोडही लालच. आमच्या स्कॅनरचा उजेड लाल आहे. लाल उजेडात लाल रेघ आणि पांढरा कागद दोन्ही सारखेच उजळ दिसतात, म्हणजे त्याच्या दृष्टीनं पाकीट कोरंच. वाणाच्या पिशवीवरचा लाल जिलेटीनचा कागद डोळ्यापुढे धरला आणि पाकिटाकडे पाहिलं, रेघा खरंच नाहीशा झाल्या. ताईंना तोच कागद देऊन दाखवलं. त्या म्हणाल्या, पुढच्या छपाईला काळ्या करते. तोवर आम्ही वर आमचं स्टिकर लावतो.

यातला कुठलाच बिघाड नसतानाही एक भांडण होत होतं आणि त्यातही बोलणी पोरालाच बसत होती. एक मावशी साबणाचा जुना पुडा आणि नवा पुडा दोन्ही घेऊन आल्या. दोन्हींवर बारकोड तोच, एमआरपी वेगळी. साबणावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, म्हणजे कर धरून जे ११८ रुपयांना जायचं ते १०५ ला यायला हवं. बिलात मात्र जुनीच किंमत. “स्कॅन केल्यावर बरोबर किंमत येते ना? मग हा जास्त कसा लावतो?” किंमत बारकोडमध्ये असते असं खूप जणांना वाटतं. कंपनीच्या पुड्यावरच्या रेघांमध्ये नुसता क्रमांक असतो. किंमत आपल्या कॉम्प्युटरमध्ये असते, आणि तिथं त्या क्रमांकापुढे दोन एमआरपी असल्या तर कुठली घ्यायची हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. आमचं सॉफ्टवेअर मुकाट्यानं जी आधी चढवली तीच उचलत होतं. दोन एमआरपी असतील तर चौकट उघडून विचारायची सोय होती, ती चालू केली. जुन्या मालावर नव्या किमतीचे शिक्के मारले. मावशींचे जास्तीचे पैसे मामांनी स्वतः उठून परत दिले, आणि पोराला म्हणाले, “तुझी नाही रे चूक.”

लक्ष्मीपूजनाला आत्यांनी वहीशेजारी स्कॅनर ठेवायला सांगितला. पोरानं तो पुसून पाटावर ठेवला. आत्या हळदकुंकवाची बोटं घेऊन पुढे झाल्या तसा तो म्हणाला, “आजी, काचेला नको, मुठीला लावा.” त्यांनी मुठीला लावलं. पूजा झाली, मामांनी पहिलं बिल करायला त्याला बसवलं. बसल्या बसल्या त्यानं आधी नमलॉकचा दिवा बघितला, मग बत्ताशांचा पुडा उचलला.